लाइट धरणारी

मखमलाबादच्या शिवारात शेवंती आणि झेंडू लावणाऱ्या घरात शकुंतला वाढली. हात चालायला लागले तशी ती फुलं खुडायला लागली आणि लग्न होईपर्यंत खुडतच राहिली. सासर मिळालं तेही फुलांचंच. सासू नवसाबाई पंचवटीत रामकुंडाच्या वाटेवर हारांचं दुकान मांडून बसायची. मुलगा रंगनाथ मात्र फुलांत कधी रमला नाही. त्याने एका म्हाताऱ्या फोटोग्राफरच्या हाताखाली उमेदवारी केली आणि पंचवटीतच एक अरुंद गाळा भाड्याने घेऊन ‘जेजुरकर फोटो स्टुडिओ’ अशी पाटी लावली. पासपोर्टचे फोटो, बारशी, जावळं, गेलेल्या माणसाचा जुना फोटो मोठा करून देणं, असं सगळं तो करायचा. पण खरं काम लग्नांचं.

शकू लग्न होऊन आली ती एक्याण्णव साली. पहिलं वर्षभर ती सासूशेजारी बसून हार ओवत होती. मग एका लग्नाच्या सकाळी रंगनाथचा लाइट धरणारा माणूस आलाच नाही. त्याला सातपूरच्या कंपनीत काम लागलं होतं आणि त्याने निरोपही धाडला नव्हता. कॅमेऱ्यावर एक फ्लॅश असायचाच, पण समोरून पडणाऱ्या एकट्या उजेडात माणसाचा चेहरा थापलेल्या भाकरीसारखा सपाट येतो. म्हणून दुसरा फ्लॅश एका काठीला बांधून कुणीतरी बाजूने उंच धरून उभं राहायचं, आणि कॅमेऱ्यापासून त्या फ्लॅशपर्यंत लांब वायर असायची. बटण दाबलं की दोन्ही एकदम पेटायचे. रंगनाथ त्या दिवशी दारात डोक्याला हात लावून उभा होता. शकू म्हणाली, “मी धरते की. काठीच धरायची ना?”

नवसाबाईला ते मुळीच रुचलं नाही. परक्याच्या मांडवात घरच्या सुनेने हात वर करून उभं राहायचं, लोक काय म्हणतील, असं ती बोलत राहिली. पण लग्नाची वेळ कुणासाठी थांबत नाही. शकूने पदर खोचला आणि ती नवऱ्याच्या मागे स्कूटरवर बसली.

त्या दिवशी तिचे खांदे भरून आले, रात्री हात उचलेना. फोटो धुऊन आले तेव्हा मात्र रंगनाथ ते पुन्हा पुन्हा चाळत राहिला. मग एकेक फोटो तिच्यापुढे टाकत म्हणाला, की आजवर कुणी त्याला असा उजेड दिला नव्हता. आधीचा माणूस काठी नुसती उभी धरायचा. शकू बघून धरत होती.

ते खरंच होतं. कसं बघायचं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. गालफडं बसलेली नवरी असली की ती काठी थोडी खाली घ्यायची. चष्मेवाला सासरा समोर आला की बाजूला सरकायची, काचेवर चमक येऊ द्यायची नाही. सावळ्या मुलीला घरच्यांनी पावडर फासून पांढरं केलेलं असलं, तर उजेड दुरून द्यायची, म्हणजे चेहरा चेहऱ्यासारखा दिसायचा. रंगनाथने हनुवटी जराशी हलवली की तिला कळायचं, कुठे जायचं ते. मधली वायर माणसांच्या पायांत यायची, पोरं अडखळायची, म्हणून तिने ती खांद्यावरून घ्यायची सवय लावून घेतली. ती दोघं मांडवात अशी फिरायची, की एक सरकला की दुसरी सरकायची, आणि वायर ना ताणली जायची ना जमिनीला टेकायची.

मुलगी झाली, शुभांगी, तेव्हा काही महिने खंड पडला. मग सासूच कुरकुरत नातीला सांभाळू लागली आणि शकू पुन्हा मांडवात आली. सिन्नर, निफाड, येवला, पार चांदवडपर्यंत ती दोघं जायची. बायकांच्या खोलीत रंगनाथला जाता येत नसे. शकू गेली की बायका तिच्याकडे वहिनी म्हणून बघायच्या. नवरीची आई गडबडीत कपाटाची किल्ली तिच्या हाती द्यायची. नवरी हळूच विचारायची, “ताई, पिन दिसतीय का हो?” पाठवणीच्या वेळी सगळे रडत असायचे आणि शकू काठी स्थिर धरून उभी असायची. तिच्याही डोळ्यांतून पाणी यायचं, पण पुसायला हात मोकळा नसायचा. दिवसभर उभं राहून पाय सुजायचे. तरी लग्नतिथी नसलेल्या महिन्यांत ती हार ओवता ओवता उगाचच विचारायची, पुढची तारीख कुठली धरलीय म्हणून.

दोन हजार पाचच्या सुमारास रंगनाथने रीळ बंद केलं आणि डिजिटल कॅमेरा घेतला. वायर तीच राहिली. मध्ये एकदा त्याने उजेड दिसला की आपोआप पेटणारं एक यंत्र आणून पाहिलं; पण आता पाहुण्यांच्या हातातही कॅमेरे आले होते, आणि कुणाही पोराने फोटो काढला की रंगनाथचा फ्लॅश उडून जायचा. ते यंत्र पेटीत गेलं आणि वायर पुन्हा शकूच्या खांद्यावर आली. तिला त्याचं वाईट वाटलं नाही.

मग दोन हजार आठ सालच्या दिवाळीनंतर तो मुंबईहून एक छोटं खोकं घेऊन आला. आत दोन काळे ठोकळे होते. एक कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवायचा, दुसरा फ्लॅशच्या पायाखाली. दोघांत वायर नाही, काही नाही. बटण दाबलं की पहिल्याने रेडिओसारखा निरोप धाडायचा आणि दुसऱ्याने फ्लॅश पेटवायचा. ट्रिगर म्हणतात म्हणाला. चांगल्या कंपनीचे परवडण्यासारखे नव्हते, हा चिनी माल होता, पण काम तेच. सोबत त्याने एक तिपाई स्टँडही आणला होता. अंगणात त्याने स्टँड उभा केला, त्यावर फ्लॅश चढवला, दूर कुंपणापाशी जाऊन बटण दाबलं आणि इकडे लख्ख उजेड पडला. रंगनाथ लहान मुलासारखा हसला.

“आता तुला दिवसदिवस ताटकळायला नको,” तो म्हणाला. “आराम कर. लय केलंस.”

शकू म्हणाली, “बरं.”

एवढंच ती म्हणाली. पंधरा-सोळा वर्षं जे काम केलं ते एका शब्दात संपलं, आणि तो शब्दही तिनेच उच्चारला. तिला विचारावं असं रंगनाथच्या मनात आलं नाही. आपण बायकोला सुख देतोय याच समाधानात तो होता. पुढच्या लग्नाला तो स्टँड स्कूटरला बांधून एकटाच गेला. शकू दारात उभी राहिली, मग आत जाऊन सासूसमोर फुलांची परडी ओढून बसली. नवसाबाई म्हणाली, झालं ते बरंच झालं, आता घरात पाय ठरेल. शकूने सुईत दोरा ओवला, तो दोनदा चुकला.

पण ते ठोकळे काही सरळ चालेनात. पहिल्याच लग्नात मधले मधले फोटो काळे आले. ट्रिगर कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसत असल्यामुळे तिथला फ्लॅश काढून ठेवावा लागे; त्यामुळे स्टँडवरचा पेटला नाही, तर उजेडच नाही. रंगनाथने घरी येऊन सेल बदलले. फ्लॅशच्या पायाचे पितळी टिपके खोडरबराने घासून लखलखीत केले. चॅनल बदलून पाहिला. अंगणात उभं राहून सावकाश एकेकदा बटण दाबलं, प्रत्येक वेळी पेटला. आता झालं म्हणून तो पुढच्या लग्नाला गेला आणि तिथे पुन्हा तेच. चार फोटो चांगले, एक काळा. कधी सलग दोन काळे. घरी आणलं की यंत्र साळसूद, मांडवात नेलं की दगा देणार.

तो परत आला की शकू पाणी देता देता विचारायची, “आज चालला का?”

रंगनाथला वाटायचं, बायकोला काळजी आहे. शकूलाही सुरुवातीला तसंच वाटत होतं. पण हळूहळू तिचं तिला कळलं, की तो ‘नाही’ म्हणाला की आपल्याला बरं वाटतं. पाठीवरून कुणी हात फिरवावा तसं. ती तोंडाने अरेरे म्हणायची आणि आत सुखावायची. आज ना उद्या हा कंटाळेल, ती पेटी माळ्यावर टाकेल आणि म्हणेल, चल. ती वाट बघत होती. हे चांगलं नव्हे हे तिला कळत होतं, पण तिने मनाला अडवलं नाही.

माघात येवल्याचं एक लग्न होतं. नवरीचं नाव निकिता. तिचे वडील पुंजाभाऊ पैठणीचे विणकर, आयुष्यभर मागावर बसलेला माणूस. त्या वर्षी ते छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळले होते. तरी मुलीची पैठणी त्यांनी स्वतःच विणायला घेतली होती आणि थांबत थांबत, दमत दमत पुरी केली होती. लग्नाच्या दिवशी त्यांना खुर्चीत बसवून थोडा वेळ मांडवात आणलं. व्हिडिओवाला तेव्हा नवरदेवाच्या वरातीकडे गेला होता. निकिता त्यांच्यापुढे वाकली, त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. रंगनाथने बटण दाबलं. फ्लॅश पेटला नाही. पुन्हा दाबलं, नाही. त्याने स्टँडकडे धाव घेतली, टेस्टचं बटण दाबलं, तर पेटला. तो पळत परत आला तोवर पुंजाभाऊंना खोकल्याची उबळ आली होती आणि माणसं खुर्ची उचलून आत नेत होती.

रंगनाथ रात्री घरी आला. हातपाय धुताना म्हणाला, “आज लय मोठा दगा दिला.”

शकू चुलीपुढे होती. काय झालं ते तिने विचारलं नाही. तिने त्याच्या ताटात एक भाकरी जास्तीची वाढली, आणि त्या दिवशी तिला झोपही चांगली लागली.

महिनाभराच्या आत एका दुपारी स्टुडिओत एक बाई आली. रंगनाथ अल्बमचं काम घेऊन छापखान्यात गेला होता आणि शकू गाळ्यात बसली होती. बाईचं कपाळ मोकळं होतं, पायांवर धूळ होती. येवल्याहून एसटीने आली होती. तिने आपलं नाव कुसाबाई सांगितलं. निकिताची आई. मालक गेले, असं तिने सांगितलं, रडली नाही. बाकीचे फोटो मागाहून द्या, घाई नाही, पण बापलेकीचा तेवढा एक आज मिळाला तर न्यायचा होता. लेक सासरी अन्नाला शिवत नाही, तिला धाडायचा होता.

शकूला कॉम्प्युटर थोडाफार यायचा. तिने येवल्याचं लग्न उघडलं. एकेक फोटो पुढे ढकलत गेली आणि मग तो आला. सगळा काळा. नीट पाहिलं तर काळ्यात काळं काहीतरी वाकलेलं, मध्ये जरीची एक पुसट रेघ. त्याच्या पुढचाही तसाच. त्याच्या पुढच्या फोटोत रिकामी जागा आणि लोकांच्या पाठी.

कुसाबाई टेबलाच्या पलीकडून म्हणाली, “सापडला का?”

शकूने पडदा तिच्याकडे वळवला. खोटं बोलणं तिला सुचलंच नाही. ती म्हणाली, “मावशी, त्या वेळी लाइट लागला नाही.”

कुसाबाईने पडद्याच्या अगदी जवळ तोंड नेऊन पाहिलं. मग तिने शकूकडे पाहिलं, ओळख पटल्यासारखं. “माझ्या पुतणीच्या लग्नात तुम्हीच होत्या ना? दिवा धरून? तिचे फोटो काय सुरेख आल्ते. मी यांना म्हनलं व्हतं, त्याच लोकांना सांगा, त्या बाई लय निगुतीनं धरत्यात.” मग तिने विचारलं, “आमच्या टायमाला का नाय आल्या?”

त्या विचारण्यात राग नव्हता. राग असता तर शकूने काहीतरी उत्तर दिलं असतं. तिने चहा मागवला, तो कुसाबाईने घेतला नाही. पाच वाजताची गाडी गाठायची म्हणून ती उठली. ती वळणावर दिसेनाशी झाली तरी शकू गाळ्याच्या पायरीवर उभी होती. त्या रात्री वाढलेली जास्तीची भाकरी तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. तिकडे एक माणूस लेकीच्या डोक्यावर शेवटचा हात ठेवत होता, आणि आपण मनात साखर खात होतो. हे तिने कुणाला सांगितलं नाही. रंगनाथलाही कधीच नाही.

रंगनाथला तिने फक्त कुसाबाई येऊन गेल्याचं सांगितलं.  मग त्याने तो फोटो कॉम्प्युटरवर उजळायला घेतला. उजळावा तसतसे त्यावर वाळू पसरल्यासारखे ठिपके येत. निकिताचा वाकलेला खांदा दिसला, पैठणीचा काठ दिसला, वडिलांचा हात दिसला. पण चेहऱ्याच्या जागी नुसता डाग. शेवटी त्याने दुसरा मार्ग धरला. निकिताच्या नवऱ्याकडून पुंजाभाऊंचा एक जुना फोटो मागवून घेतला आणि त्यातला चेहरा कापून इथे बसवला. रंग जुळवले, कडा मऊ केल्या. असली कामं तो नेहमी करायचा, त्यात त्याचा हात चांगला होता.

“मीच नेऊन देतो,” तो म्हणाला. शकू म्हणाली, मीही येते.

येवल्याच्या घरात पुढच्या खोलीत माग होता, त्यावर धागे नव्हते. कुसाबाईने त्यांना सतरंजीवर बसवलं. रंगनाथने फ्रेम केलेला फोटो तिच्या हाती दिला. तिने तो पदराने पुसला, उजेडात धरला.

“हे हसत्यात,” ती म्हणाली.

रंगनाथ म्हणाला, की जुन्या फोटोत ते हसत होते, म्हणून.

“त्या दिशी हसत नव्हते. त्या दिशी त्यांच्या गालाला हाडं आलती. हा मानूस कवाचा हाय, तरणा हाय.” तिने फ्रेम हळूच सतरंजीवर उपडी ठेवली. “वाईट वाटून घेऊ नका. पण हे ते नाहीत.”

शकूने पिशवीतून दुसरा फोटो काढला. तो रंगनाथला न विचारताच तिने छापून घेतला होता. काळा, ठिपक्यांचा, चेहरा नसलेला. कुसाबाईने तो घेतला आणि हातावर बोट ठेवलं. “हात त्यांचाच हाय,” ती म्हणाली. “निकीला एवढा पुरंल.” आणि मग मात्र तिला रडू फुटलं.

दोघं परतीच्या एसटीत बसली. बाहेर कांद्याची शेतं मागे पडत होती. निफाड मागे टाकल्यावर शकू म्हणाली, “उद्या ते यंत्र काढा. कुठं अडतंय ते बघू.”

“शंभरदा बघितलंय.”

“तुम्ही एकट्यानं बघितलंय.”

दुसऱ्या दिवशी फुलं ठेवायच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी स्टँड उभा केला. रंगनाथने नेहमीसारखं एकदा बटण दाबलं, फ्लॅश पेटला. थांबून पुन्हा दाबलं, पेटला. शकू म्हणाली, मांडवात तुम्ही असं थांबत थांबत काढता का? मंगलाष्टकं संपून अक्षता पडतात तेव्हा काढता तसं काढा. ती स्वतः मध्ये उभी राहिली. कधी नवरी होऊन वाकली, कधी आई होऊन पुढे आली, कधी गर्दीतल्या बाईसारखी आडवी गेली. रंगनाथ भराभर बटण दाबत फिरू लागला. आणि दगा तिथे, घरात, पहिल्यांदा सापडला. पेटला, पेटला, नाही. पेटला, नाही, नाही.

मग त्यांनी एकेक गोष्ट वेगळी करायला घेतली. पहिला दोष सेलचा निघाला. ठोकळ्यावरचा लाल दिवा लागायचा म्हणून रंगनाथ सेल चांगला धरून चालायचा. पण अर्धवट उतरलेल्या सेलवरही तो दिवा तसाच लागत होता, फक्त निरोप दूर पोचत नव्हता. दुसरा दोष फ्लॅशचाच. थोडा वेळ कुणी वापरला नाही की तो सेल वाचवायला आपोआप झोपी जायचा आणि ट्रिगरच्या हाकेने जागा व्हायचा नाही. टेस्टचं बटण दाबलं की व्हायचा. कुसाबाईच्या मांडवात बहुतेक हेच झालं असावं. रंगनाथने पुस्तिका शोधून ते झोपणं बंद केलं. त्यानंतर काळे फोटो कमी झाले, पण थांबले नाहीत.

पुढच्या दुपारीही ती दोघं शेडमध्ये होती. फ्लॅश एकदा उडाला की पुन्हा भरताना बारीक शीळ घालतो. ती शीळ शकूच्या कानात वर्षानुवर्षं बसलेली होती. तिच्या लक्षात आलं, की चुकतो तो शीळ चालू असताना किंवा नुकती थांबल्यावर. ते तिने सांगितलं. रंगनाथ म्हणाला, भरलाच नसेल तर पेटणार कसा? पण दिवा तर भरल्याचा लागलेला असायचा. दोघंही खाली बसून त्या फ्लॅशकडे आणि त्याच्या पायाला चिकटलेल्या ठोकळ्याकडे बघत राहिली. मग रंगनाथने जुनी पेटी उघडली, वायरचा एक तुकडा काढला आणि ठोकळा फ्लॅशपासून सुटा करून वायरने जोडला.

“हा धर,” तो म्हणाला. “लांब.”

शकूने एका हातात तो ठोकळा धरला, फ्लॅश स्टँडवर. रंगनाथ बटण दाबत सुटला. प्रत्येक वेळी पेटला. तिने ठोकळा फ्लॅशजवळ नेला, तसा चुकू लागला. दूर नेला, पेटू लागला. भरताना फ्लॅशच्या पोटात जी खळबळ व्हायची तीच त्या स्वस्त ठोकळ्याचे कान बधिर करत होती. एवढीशी गोष्ट. हातभर अंतर हवं होतं.

रंगनाथ फुलांच्या रिकाम्या क्रेटवर बसला. त्याला आनंद व्हायला हवा होता. तो जमिनीकडे बघत म्हणाला, “तुला एक सांगायचं राहिलं. तुझ्या आरामासाठीच घेतलं नव्हतं ते.”

शकूच्या हातात ठोकळा तसाच होता.

“गंगापूर रोडच्या लॉन्सवर ते लग्न झालं ना, नवरदेवाच्या भावानं बाजूला घेतलं मला. म्हणाला, तुमच्या त्या बाई प्रत्येक व्हिडिओत मधे दिसतात, हात वर करून. आता स्टँड मिळतात म्हणाला. मी काय बोलणार? मी हो म्हणालो.”

“मला सांगायचं होतं तवा.”

“तोंड झालं नाही.”

शकूने ठोकळा त्याच्या हातात दिला. कोणत्या साडीत दिसत होते मी, असं काहीतरी तिच्या मनात आलं आणि गेलं. ती म्हणाली, “रबरानं बांधा खाली दांड्याला. आणि वायर गुंडाळून घ्या, पायात यायला नको.”

त्यानंतर ते ठोकळे चालले. पुढच्या लग्नाहून रंगनाथ आला आणि न विचारताच म्हणाला, एकही काळा नाही. शकू म्हणाली, बरं झालं, आणि या वेळी ते मनापासून होतं. मग पाणी देऊन ती आत गेली आणि चुलीपुढे नुसतीच बसून राहिली. आता तो आल्यावर विचारायला काही उरलं नव्हतं.

एकदा, उन्हाळ्यातल्या मोठ्या तिथीच्या आदल्या दिवशी, रंगनाथ म्हणाला, “येतेस का उद्या? सोबत होईल.” तिने विचारलं, “करू काय तिथं?” तो वायर गुंडाळत राहिला. त्याने पुन्हा विचारलं नाही. त्याने चार वेळा विचारलं असतं तर ती गेली असती. पण तो एकदाच विचारणारा माणूस होता आणि ती दुसऱ्यांदा विचारल्याशिवाय न उठणारी.

नवसाबाई पुढच्या पावसाळ्यात गेली. दुकान शकूकडे आलं. शुभांगी शिकायला पुण्याला गेली. घरात ती दोघंच उरली. तो फोटोंविषयी बोलायचा, ती फुलांविषयी, आणि दोघं एकमेकांचं ऐकून घ्यायची. नवरा-नवरीच्या हारांसाठी तिचं नाव झालं होतं, लांबलांबून बोलावणी यायची.

सिन्नरच्या एका लग्नात दोघांनाही काम होतं. रंगनाथ सकाळीच गेला. शकू हार घेऊन मागाहून जीपने पोचली. तिने हार नवरीच्या मावशीकडे सोपवले, पाणी प्याली आणि निघताना मांडवाच्या तोंडाशी थांबली. मंगलाष्टकं सुरू होती. गर्दीत कुणाचा तरी धक्का लागून स्टँडचं डोकं वळलं होतं. फ्लॅश बिनचूक पेटत होता, प्रत्येक वेळी, आणि सगळा उजेड मांडवाच्या कापडावर जात होता. नवरीचा चेहरा अंधारात. रंगनाथ डोळा कॅमेऱ्याला लावून पुढे होता, त्याला अजून दिसलं नव्हतं.

शकू माणसांतून वाट काढत स्टँडपाशी गेली. तिने डोकं खाली वळवलं, नवरीच्या अंगाने आणलं, थोडं वर घेतलं. पुढचा उजेड बरोबर चेहऱ्यावर पडला. रंगनाथने कॅमेऱ्यातून नजर काढून मागे पाहिलं. त्याला ती दिसली. त्याने हनुवटी जराशी हलवली, डावीकडे. तिने स्टँड डावीकडे सरकवला.

मागून एक तरुण म्हणाला, “मावशी, बाजूला व्हा जरा, शूटिंगमध्ये येताय.”

“हो, हो,” शकू म्हणाली. स्टँडची पकड नीट आवळली आणि ती बाजूला झाली. अक्षता पडल्या, वाजंत्री सुरू झाली, माणसं पंगतीकडे धावली. रंगनाथने पुन्हा मागे पाहिलं तेव्हा ती तिथे नव्हती. नाशिकची जीप भरत आली होती, चालक एकाच माणसासाठी थांबला होता. शकू रिकामी परडी मांडीवर घेऊन कडेला बसली आणि जीप निघाली.